दादर चालली जिबूतीला

धुळे,
३ मार्च २०२५

ती. नानांस,

धुळ्याहून अमनचा जय जिनेंद्र, नानीला वेगळा. वि. वि.

फोनवर मी घसा फोडतो, तुम्ही हो हो म्हणता आणि ठेवल्यावर नानीला विचारता की पोरगा काय सांगत होता. त्यापेक्षा तुमचा पत्राचा हट्ट बरा. कागदावर माझं म्हणणं तुम्हाला शेवटपर्यंत ऐकावं तरी लागतं.

मी मजेत आहे. जळगावचं कॉलेज अर्ध्यावर सोडल्याचा विषय मी काढणार नाही, तुम्हीही काढू नका. ज्या सरांशी भांडलो ते तिथे सुखी आहेत, मी इथे प्रेमराजमामांच्या अडतीवर सुखी आहे.

आता बातमी. मुंबईचे निर्यातवाले रतिलालशेठ यांच्याकडे जिबूतीच्या एका पिठाच्या गिरणीची मागणी आली आहे. जिबूती म्हणजे तांबड्या समुद्राच्या तोंडाशी आफ्रिकेच्या कडेला चिकटलेला चिमुकला देश. तिथे पाऊस नाही, शेती नावाला, खायचं जवळजवळ सगळं जहाजातून उतरतं. लढाई कुठेतरी होते आणि गव्हाचा भाव यांच्याकडे चढतो. म्हणून गिरणीवाल्याला गव्हाच्या जोडीला पांढरी ज्वारी हवी आहे, आणि नमुन्यांतून त्याने पसंत केली ती आपली दादर. रतिलालशेठच्या ऑफिसातल्या नव्या कारकुनाने मामांना फोन करून विचारलं की माल दादरला उतरवायचा की न्हावाशेव्याला. मामींनी मग त्याला समजावलं की बाबा, दादर ही आमच्याकडे हिवाळ्यात पेरतात आणि भाकरी करून खातात.

मामांनी ही खेप माझ्यावर सोपवली आहे. ठरलेला सगळा माल जहाजाच्या तारखेच्या आत बंदरावर पोचला तर दुकानात माझी जागा पक्की. नाही पोचला तर जूनमध्ये पुन्हा जळगावच्या वर्गात, शेवटच्या बाकावर. त्यांनी हे हसत सांगितलं, पण ते हसतात तेव्हाच खरं बोलतात हे तुम्हाला माहीत आहे.

माल शिंदखेड्याच्या पुढे बुराई नदीकाठच्या एका गावातून घेतो आहे. तिथल्या शेतकऱ्यांचा गट आहे, प्रमुख जगदीश गिरासे, सगळे त्यांना आबा म्हणतात. गटाची तोलाई आणि प्रतवारी त्यांची मुलगी मोनाली बघते. धुळ्याच्या कृषी कॉलेजातून पदवी घेतलेली आहे. पूर्ण घेतलेली, हे तिने मला ओळखीच्या पहिल्याच दिवशी ऐकवलं. नाना, ती दाणा दाताखाली धरून टचकन फोडते आणि ओलावा सांगते. मग यंत्र लावते, आणि यंत्र गुपचूप तेच सांगतं. मोनालीने पसंत केलेलं पोतं परत उघडावं लागत नाही. मोनाली हिशेबात कुणाची भीड ठेवत नाही. हे सगळं मी धंद्याच्या दृष्टीने लिहितो आहे.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे, काल आबांचा खळ्यावरून फोन आला. मळणी यंत्र धडधडत होतं, पण मुद्दा मी बरोबर पकडला. बट्टा देतो म्हणाले. भावात सूट, आणि तीही मी न मागता. मामांनी लगेच रतिलालशेठना तेवढा भाव उतरवून सौदा पक्का केला. पहिल्याच खेपेला असं जमवणारा तुमच्या घराण्यात दुसरा कोण झाला ते कळवा.

आशीर्वाद द्यालच, थोडं कौतुकही पाठवा.

तुमचा,
अमन

*

भडगाव,
६ मार्च २०२५

चि. अमन यास,

उत्तमचंदचे आशीर्वाद आणि तुझ्या नानीचे त्याहून जास्त.

पत्र पोचलं. नानीने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. तिचं म्हणणं, यात ज्वारी कमी आणि जगदीशची मुलगी फार. मी म्हटलं, पोरगा धंद्याच्या दृष्टीने लिहितो आहे. त्यावर ती इतकी हसली की शेजारच्या कुंदाबाई बघायला आल्या.

जिबूती मी नकाशात शोधलं. बोटाच्या नखाखाली गेलं. पण तुझ्या त्या गिरणीवाल्याला मी न बघता ओळखतो. बाहत्तरच्या दुष्काळात आपण तसेच होतो. रेशनला परदेशातली लाल मिलो ज्वारी यायची, तिची भाकरी तव्यावर भेगाळायची, तरी लोक पहाटेपासून उभे. तेव्हा मी वीस-बावीस वर्षांचा. दुकान उघडलं की माणसं मला भाव विचारत नसत, जहाज मुंबईला लागलं का ते विचारत. भडगावच्या माणसाला समुद्र ठाऊक नाही, पण जहाजाची वाट त्याने बघितली आहे. तेव्हा ही खेप चुकवू नकोस. तुझ्या जागेसाठी म्हणत नाही, त्या लोकांसाठी म्हणतो.

आता कौतुकाचं. ते जरा थांबवून ठेवतो. त्या बाजूच्या गावांतून मी गूळ-मीठ विकत हिंडलो आहे. शेतकरी ताक देतो, अंथरूण देतो, परतीच्या वाटेला बैलगाडी देतो. न मागता बट्टा दिलेला मी पाहिला नाही. जगदीशला भेटून एकदा पुन्हा विचार. फोनवर नको.

तुझ्या बोलण्यातला विस्तव चुलीपुरता ठेव. सूर्य मावळायच्या आत जेवत जा, असं नानीने लिहायला सांगितलं आहे.

तुझ्या पुढच्या पत्राची वाट बघणारा,
उत्तमचंद

*

धुळे,
१० मार्च २०२५

ती. नानांस,

नमस्कार. आज बाकी विचारपूस करण्याच्या मनःस्थितीत मी नाही, माफ करा.

तुमचं पत्र मिळालं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. काल सकाळी गटाच्या पहिल्या ट्रॉल्या बाजार समितीत आल्या. माल असा की बघणारे थांबून मूठ भरून बघत होते. मामांनी हिशेबाची पट्टी केली, बट्टा वजा केला, आबांच्या हातात दिली. आबांनी ती वाचली, पुन्हा वाचली आणि शांतपणे विचारलं की ही कपात कसली. मी आठवण करून दिली की तुम्हीच फोनवर कबूल केलीत. ते म्हणाले, असं मी बोललोच नाही.

नाना, माझं डोकं फिरलं. सौदा पुढे झालेला, भाव खाली दिलेला, आणि हा माणूस सरळ नाही म्हणतो. मी सगळ्या यार्डासमोर म्हणालो की गिरासे शब्द फिरवतात. आजूबाजूचे हमाल पोती टेकवून बघायला लागले. आबांनी नुसती हातातली पट्टी घडी करून मामांच्या गादीवर ठेवली आणि ट्रॅक्टर वळवायला सांगितलं. बोलली ती मोनाली. म्हणाली, आमच्या घरात शब्द फिरत नाही, तुम्ही आधी कान साफ करून या. माझ्याशी ती आजवर अरेतुरेत बोलायची, नाना. काल अहोजाहो केलं. त्याने जे लागलं ते शिवीने लागलं नसतं.

ट्रॉल्या परत गेल्या. बातमी वाऱ्यासारखी पसरली. कोंबडीखाद्याचा एक व्यापारी लगोलग त्यांच्या गावाला निघाला आहे असं ऐकतो. ती दादर कोंबड्यांपुढे जाणार, या विचाराने मला रात्री जेवण गेलं नाही. मामा रागावले नाहीत, कॉलेजची फी कधी भरायची असते एवढंच विचारलं.

मी उद्या गावात जाऊन सोक्षमोक्ष लावणार आहे. माझे कान शाबूत आहेत आणि मी खोटं ऐकलेलं नाही.

राग तुमच्यावर नाही, एवढं समजून घ्यावं.

अमन

*

धुळे,
१२ मार्च २०२५

ती. नानांस,

सविनय, खरोखरच सविनय जय जिनेंद्र. वि. वि.

मी गाढव आहे. हे मामांना सांगून झालं, मामींना सांगून झालं, आता तुम्हाला लिहितो.

काल दुपारी गावात पोचलो तर खळ्यावर त्या खाद्यवाल्याचा ट्रक उभा. भाव अजून ठरायचा होता, पण पोती दाराशी येऊन पडलेली. आबा पाठमोरे उभे. मी भांडणाची पहिली वाक्यं रस्त्याने पाठ करत आलो होतो. तेवढ्यात शेजारी मोनालीच्या आजी, यशोदाबाई, कामाला आलेल्या बायांच्या पोरांना वाढत होत्या. एका पोराने भाकरी अर्धी टाकली. त्या त्याच्यावर ओरडल्या की बठ्ठं खाई ले, काही टाकू नको.

बठ्ठं. मी तिथेच उभा राहिलो. शेजारच्या माणसाला विचारलं, बठ्ठं म्हणजे काय. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पाणी म्हणजे काय विचारलं असावं. म्हणाला, बठ्ठं म्हणजे सगळं. ठ ला ठ लावून.

नाना, आबा फोनवर म्हणाले होते, बठ्ठा माल तुमलेच देसूत. सगळा माल तुम्हालाच देऊ. घरी मारवाडी, शाळेत पुस्तकी मराठी आणि दुकानात आल्यापासून रोज बट्टा, बट्टा. मशीनच्या आवाजात मधला माल गेला आणि माझ्या कानाला जे ओळखीचं तेच मी ऐकलं. त्या माणसाने घरातलं सगळं देऊ केलं होतं आणि मी त्याला यार्डात खोटारडा ठरवलं.

मी बूट काढले, खळ्यात गेलो आणि सगळ्यांसमोर, माझ्या तोंडाला जमेल तशा त्यांच्या बोलीत म्हणालो की बठ्ठी चूक मन्ही शे, सगळी चूक माझी आहे. मग यशोदाबाई हसल्या, तोंडाला पदर लावून, आणि मागोमाग सगळं खळं हसलं. खाद्यवाल्याचा ड्रायव्हरसुद्धा. मोनालीने पाठ वळवली, पण तिचे खांदे हलत होते. आबा हसले नाहीत. ते म्हणाले, चूक मान्य, पण बिनबट्ट्याचा भाव तू देणार कुठून. माझ्या लोकांना मी दिवेलागणीपर्यंत थांबवतो, पुढे ते मोकळे.

हा खरा पेच होता. मामांनी भाव खाली करून दिलेला, रतिलालशेठनी तोच जिबूतीला कळवलेला. मी रेंजसाठी ट्रॉलीवर चढून मामांना फोन केला. ते म्हणाले, दिलेला भाव आता वर नेता येत नाही, आमची पत जाईल. रतिलालशेठ म्हणाले तेच, जरा मोठ्याने. मी म्हटलं, मग मला गिरणीवाल्याशी बोलू द्या, पत माझी जाऊ द्या. दोघांशी भांडलो. शेवटी कंटाळून शेठनी फोन जोडून दिला.

गिरणीची खरेदी इद्रिस नावाचा माणूस बघतो. मी तोडक्या इंग्रजीत सुरुवात केली तर त्याने थांबवून मराठीत विचारलं की भाऊ, जेवण झालं का. तो पुण्यात बी.कॉम. झालेला निघाला. तोही पूर्ण. मी त्याला काही लपवलं नाही. बठ्ठा सांगितला, बट्टा सांगितला, कोंबडीखाद्याचा ट्रकही सांगितला. तो इतका हसला की मला वाटलं सौदा गेला.

मग तो गंभीर झाला. म्हणाला, गेल्या वर्षी एकाने आम्हाला सगळ्यांपेक्षा स्वस्त देऊ केलं, आणि वाटेत जास्त भाव मिळाला तेव्हा जहाज दुसरीकडे वळवलं. इकडे त्याच संध्याकाळी पिठाचा भाव चढला. आमच्या गिरणीसमोर ज्या बाया उभ्या असतात त्यांना महिनाभराचं घेऊन ठेवता येत नाही, त्या रोजचं रोज नेतात. दाणा थोडा महाग पडला तर मी पीठ त्याच भावात देऊ शकतो, माझा नफा कमी होईल. दाणा आलाच नाही तर मी काय देऊ. त्याने विचारलं, पूर्ण भाव दिला तर ठरलेला माल एकाच जहाजात, एक पोतं कमी न होता येईल का.

नाना, त्याला बट्टा नकोच होता. त्याला बठ्ठा हवा होता.

मी ट्रॉलीवरून ओरडून आबांना विचारलं. आबांनी खळ्यातल्या एकेकाकडे पाहिलं, एकेकाने मान हलवली. शेवटी त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि आपल्या बोलीत इद्रिसला काहीतरी सांगितलं. त्याला अक्षरही कळलं नसेल, पण तो हो म्हणाला. खाद्यवाल्याचा ट्रक चहा पिऊन रिकामा गेला.

यशोदाबाईंनी मला जेवायला बसवलं. लसणाच्या ठेच्याला मी नको म्हटलं तर त्या म्हणाल्या, ह्या वाण्याच्या पोराला तिखट फक्त बोलायला लागतं. दादरची भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. नानीला सांगा, सूर्य वर होता. निघताना मोनाली फाटकापर्यंत आली आणि म्हणाली की गाडी हळू चालव. चालव म्हणाली, चालवा नाही.

तुमच्या मायेला या महिन्यात फार काम पडलं आहे, तरी ती आटू देऊ नका.

तुमचा,
अमन

*

भडगाव,
१२ मार्च २०२५

चि. अमन यास,

घाईत आशीर्वाद.

तुझं दहा तारखेचं पत्र आत्ता वाचलं आणि लगेच लिहायला बसलो, नानी चहा धरून उभी आहे. अरे छोऱ्या, तो बट्टा म्हणाला नसेल, बठ्ठा म्हणाला असेल. बठ्ठा म्हणजे सगळा. मी ऐकू येत नसलेला माणूस भडगावला बसून ऐकतो आणि तुला खळ्यावरचा फोन ऐकू येत नाही.

आता हे कर. गावात जा. पायातलं बाहेर काढ. चूक चारचौघांत केलीस, तेव्हा माफीही चारचौघांतच माग, आणि त्यांच्या बोलीत माग. वेडीवाकडी आली तरी चालेल, हसले तर हसू दे. हसलेला माणूस निम्मा आपला होतो.

मुलीबद्दल तू काही विचारलेलं नाहीस, मीही काही सांगत नाही. आपल्यात असं झालेलं नाही, हे खरं. नानी म्हणते की एके काळी आपल्यात चहाही पीत नसत. तिचं मी नुसतं कळवतो.

काळजीत असलेला,
उत्तमचंद

*

ता. शिंदखेडा,
२३ मार्च २०२५

आदरणीय नाना,

सादर नमस्कार. आपली ओळख नाही, पण अमन कुणाचं ऐकत असेल तर तुमचंच, असं त्याच्या मामांनी सांगितलं. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही हेही कळलं, म्हणून हे तक्रारीचं पत्र.

माल काल गेला. सगळा. तुम्हाला वाटेल, ही तक्रार कसली, तर ऐका. धुळ्याच्या गोदामात भरायला जे कंटेनर आले त्यांतल्या एकाला आतून औषधासारखा उग्र वास येत होता. आधी कसलं तरी रसायन नेलं असावं. गाडीवाला म्हणाला की पोत्यांतून वास आत जात नाही, भरा, उशीर होतोय, जहाज चुकेल. प्रेमराजमामांनाही क्षणभर तसंच वाटलं असावं, कारण उशीर खरंच होत होता. अमन त्या गाडीसमोर रस्त्यावर मांडी घालून बसला. ऊन कसलं होतं ते विचारू नका. म्हणाला, हे कुणाच्या तरी ताटात जायचं आहे, दुसरा डबा येईपर्यंत मी उठत नाही, चालवायची तर माझ्यावरून चालव. गाडीवाल्याने त्याला काय काय ऐकवलं, त्यानेही परतफेड केली. ते शब्द मी इथे लिहू शकत नाही.

दुसरा कंटेनर आला. स्वच्छ होता. मी आत शिरून स्वतः बघितला. मग आमच्या गावची माणसं, मामांचे हमाल, मामी, सगळ्यांनी हात लावला आणि सील बसलं तेव्हा माझे आबा टाळ्या वाजवत होते. त्यांना टाळ्या वाजवताना मी माझ्या निकालालाही पाहिलं नव्हतं. माल वेळेत बंदरावर पोचल्याचं रतिलालशेठनी आज कळवलं.

तक्रार ही की उन्हात बसून त्याला ताप आला आहे आणि तो गोळी घेत नाही. माझं ऐकत नाही. तुम्ही खडसावून लिहा. मी लिहिलं हे मात्र कळू देऊ नका, आधीच त्याचे पाय जमिनीवर नाहीत.

आजीने नानींना नमस्कार सांगितला आहे. त्यांनाही तुमच्यासारखंच फोनवर ऐकू येत नाही.

आपल्या आशीर्वादाची इच्छा करणारी,
मोनाली जगदीश गिरासे

*

धुळे,
२४ एप्रिल २०२५

ती. नाना आणि नानींस,

अमनचा जय जिनेंद्र, दोघांच्या पायांवर डोकं ठेवून. वि. वि.

गोळीवरून तुम्ही इतकं खडसावून लिहिलंत, पण तापाचं तुम्हाला कळवलं कुणी हे मामा सांगत नाहीत आणि मोनाली आभाळाकडे बघते. असो.

नाना, दादर पोचली. एक पोतं कमी नाही, एक ओलं नाही. इद्रिसने गिरणीतून व्हिडिओ पाठवला. तो बघायला आम्ही मुद्दाम गावात गेलो, मामा-मामींसकट. खळ्याच्या पारावर मोबाईल उभा केला आणि सगळं गाव त्याभोवती. गिरणीतून पीठ पडताना दिसलं, पांढरं, आपलं. मग एक बाई त्या पिठाचं धिरड्यासारखं काही तव्यावर घालत होती, एका बाजूनेच भाजलेलं, वर जाळीच जाळी. यशोदाबाईंनी जवळ येऊन नीट पाहिलं आणि निकाल दिला की भाकरी बिघडली, पण पोरीचा हात चांगला शे. व्हिडिओच्या शेवटी इद्रिसने दारावरची भावाची पाटी दाखवली आणि मराठीत म्हणाला की तुमची दादर उतरल्यापासून हिच्यावरचा आकडा पुसावा लागलेला नाही. आबांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. नंतर ते उठून नदीच्या बाजूला जाऊन उभे राहिले, आम्ही कुणी मागे गेलो नाही.

येत्या हिवाळ्याची मागणी इद्रिसने आताच कळवली आहे, याच भावाने आणि दुपटीने. ज्या दोन गावांनी दादर सोडून दिली होती तीही गटात येतायत. कोंबडीखाद्यवाला परवा यार्डात भेटला, म्हणाला, तुझ्यामुळे मला मका शोधत फिरावं लागतंय. मी त्याला चहा पाजला. मामांनी दुकानात रतिलालशेठचा आणि शिंदखेड्याचा सगळा व्यवहार माझ्याकडे दिला आहे. यार्डात लोक मला जिबूती म्हणून हाक मारतात. पहिल्या दिवशी मी चिडलो, आता ओ देतो.

आता शेवटचं, आणि हे नानीला मोठ्याने वाचून दाखवा. त्या दिवशी पारावरून सगळे उठल्यावर मी मोनालीला विचारलं. धंद्याच्या दृष्टीने नाही. ती म्हणाली, मला विचारायला इतका वेळ लागला, कंटेनरसमोर बसायला लागला नव्हता. मग तीच आबांकडे गेली. काय बोलली ते मला दिसलं, ऐकू आलं नाही. आबा बराच वेळ बांधावरून चालत राहिले, ती त्यांच्या बरोबरीने. परत आले तेव्हा त्यांनी मला विचारलं की तुझ्या घरातला सगळ्यात मोठा माणूस कोण.

मी तुमचं नाव सांगितलं. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, मोनालीच्या बहिणी माहेरी येतील, झोके-गाणी होतील, ते आटोपलं की आबा, यशोदाबाई आणि मोनाली भडगावला तुमच्याकडे यायचे आहेत. यशोदाबाई घरच्या दादरचं पीठ बरोबर आणणार म्हणतात. पत्ता मी दिला आहे. नाही म्हणायचं असेल तर आधी कळवा, म्हणजे मला येऊन भांडायला वेळ मिळेल. हो म्हणायचं असेल तर काही लिहू नका, नुसती दाराबाहेर खाट टाकून बसा. ते वळणावरून येताना त्यांना दिसेल.

तुम्हा दोघांचा,
अमन